एकाच लिफ्टच्या माथ्यावरून

स्कीइंगच्या सुट्टीसाठी रिझॉर्ट निवडण्याचे काम ज्याच्या गळ्यात पडते, त्याला आपल्याच घरातली माणसे नव्याने ओळखू येऊ लागतात. एकाला काळ्या खुणेच्या, म्हणजे सर्वांत कठीण, उतारांखेरीज काही चालत नाही, दुसऱ्याला वेग नको पण देखावे हवे असतात, तिसऱ्याने पायांत स्की अजून बांधलेलीच नसते, आणि आजीला बर्फावर घसरण्याची तिळमात्र हौस नसली, तरी नातवंडांना सोडून घरी राहायचे नसते. आमच्या घरी हे काम परंपरेने माझ्याकडे आहे आणि ते मी आवडीने करतो. उतारांचे नकाशे टेबलावर पसरून बसणे हा मला प्रत्यक्ष घसरण्याइतकाच आनंदाचा भाग वाटतो.

रिझॉर्टच्या माहितीत सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला आकडा उतारांच्या एकूण लांबीचा असतो. फ्रेंच आल्प्समधील ‘थ्री व्हॅलीज’ आपली लांबी 600 किलोमीटर सांगते, आणि कूर्शेव्हेल, मेरिबेल व व्हाल तोरेन्स या तिन्ही ठिकाणांना जोडणारे ते जाळे भव्य आहे यात शंका नाही. परंतु नवशिका माणूस आठवडाभर दोन-तीन उतारांवरच घोटून घोटून वळायला शिकत असतो, आणि मध्यम तयारीचा माणूस एकदा आवडलेल्या उतारावर पुन्हा पुन्हा जातो. एकत्र निघालेल्या कुटुंबाला त्यांतील फारच थोडे किलोमीटर लागतात. त्यामुळे किती उतार आहेत यापेक्षा सोपे उतार नेमके कुठे आहेत, हे मी आधी पाहतो.

इथे उतारांच्या खुणांच्या रंगांवर भिस्त ठेवणारे फसतात. युरोपात हिरवा, निळा, लाल आणि काळा असा काठिण्याचा चढता क्रम आहे. त्यातला हिरवा फ्रान्स व स्पेनमध्ये सर्रास दिसतो, तर ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये गणना बहुधा निळ्यापासूनच सुरू होते. ऑस्ट्रिया-जर्मनीकडच्या प्रघातानुसार निळ्या उताराची तीव्रता साधारण 25 टक्क्यांपर्यंत, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पंचवीस मीटर खाली, आणि लालाची 40 टक्क्यांपर्यंत असते. मात्र उतार किती अरुंद आहे, दुपारनंतर तिथे किती गर्दी लोटते, सावलीतला बर्फ किती टणक होतो, यांतले काहीच रंग सांगत नाही. उत्तर अमेरिकेत तर हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा या खुणा त्याच डोंगरावरील इतर वाटांच्या तुलनेत दिल्या जातात, म्हणून एका डोंगरावर निळ्या चौकोनावर सहज खेळणारी व्यक्ती दुसऱ्या डोंगरावरच्या निळ्या चौकोनाच्या तोंडाशी थबकते. ऑस्ट्रियातील सांक्ट अँटोन हे स्कीइंगच्या इतिहासातले मानाचे पान. स्की-प्रशिक्षक हान्नेस श्नायडर यांनी स्कीइंग शिकवण्याची आर्लबर्ग पद्धत तिथेच रुजवली. तरीही शिक्षणाच्या या माहेरघरी नवशिक्यांना घेऊन जाण्याची शिफारस मी करणार नाही, कारण तिथले निळे उतार इतर ठिकाणच्या लालांशी सोयरीक सांगतात.

मिश्र तयारीच्या घरात एकत्र स्कीइंग होते, हा मुळात भ्रम आहे. उतारावर प्रत्येक जण आपापल्या गतीने, आपापल्या भीतीसह एकटाच असतो. वेगाने जाणारा खालच्या वळणावर थांबून कंटाळतो आणि मागचा त्याला थांबवून ठेवल्याच्या संकोचाने अधिकच धडपडतो. कुटुंब खऱ्या अर्थाने एकत्र असते ते चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेला टांगलेल्या उघड्या बाकावर बसून वर जाताना. पाय अधांतरी, समोर दरी, पळून जायला जागा नाही, आणि खिशातल्या फोनला हात लावावा तर हातमोजे काढावे लागतात. अशा त्या काही मिनिटांत किशोरवयीन मुलगाही आपण होऊन बोलू लागतो. म्हणून नकाशात मी एकच गोष्ट शोधतो: ज्या लिफ्टच्या माथ्यावरून सौम्य, मध्यम आणि कठीण असे तिन्ही उतार फुटतात आणि खाली पुन्हा त्याच लिफ्टच्या पायथ्याशी येऊन मिळतात, अशी लिफ्ट. मग वर सगळे मिळून जावे, माथ्यावर पांगावे आणि पायथ्याशी पुन्हा रांगेत भेटावे.

या कसोटीला कॅनडातील व्हिस्लर चांगले उतरते, कारण तिथे उंचावरच्या भागातूनही हिरव्या खुणेची वाट खाली येते आणि निष्णातांसाठीच्या उभ्या घळीही तिथूनच फार दूर नसतात. कोलोरॅडोतील ॲस्पेनची रचना याच्या अगदी उलट. एकाच तिकिटावर चार स्वतंत्र डोंगर मिळतात. बटरमिल्क शिकणाऱ्यांसाठी उत्तम, तर गावालगतच्या ॲस्पेन माउंटनवर हिरव्या खुणेचा एकही उतार नाही. डोंगरांमध्ये मोफत बस धावते हे खरे, पण सकाळी दोन बसथांब्यांवर विभागलेले कुटुंब संध्याकाळीच भेटते. ज्यांना दिवसभर परस्परांपासून सुटका हवी असते, त्यांच्यासाठी ही सोय झकास आहे, आणि अशी कुटुंबे कमी नसतात. अशांपैकी कोणाला चारांतला एकच डोंगर निवडायचा झाला, तर मी सर्वांत विस्तीर्ण असलेल्या स्नोमासकडे बोट दाखवीन.

घरात स्नोबोर्डवाला, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून घसरणारा, असेल तर आणखी एक चाळणी लागते. अमेरिकेतील आल्टा आणि डिअर व्हॅली येथे स्नोबोर्डला मज्जावच आहे. इतरत्र नकाशावरचे लांबलचक सपाट पट्टे पाहावेत, कारण स्कीवाले काठ्या टेकत तिथून निघून जातात आणि बोर्डवाल्याला एक पाय सोडवून ढकलत जावे लागते. इटलीतील डोलोमाइट्समधली सेला रोंडा ही चार खिंडी ओलांडून एका पर्वतसमूहाला वळसा घालणारी फेरी मध्यम तयारीच्या मंडळींसाठी मोठी सुखाची आहे. मात्र गोल वाटेचा निम्मा टप्पा हा घरापासून सर्वांत दूरचा टप्पा असतो, आणि नेमका तिथेच एखादा थकला की पुढे जाणे आणि मागे फिरणे सारखेच लांब पडते. ती फेरी सगळ्यांचे पाय सारखे तयार झाल्यावरच करावी.

लहान मुलांना शिकवण्याचे काम आईबापांनी अंगावर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. जे मूल प्रशिक्षकाच्या एका शब्दावर वळते, तेच मूल वडिलांच्या दहाव्या सूचनेवर बर्फात बसकण मारते. वाहनांना बंदी असलेल्या फ्रान्समधील आव्होरियाझमध्ये गावाच्या मधोमध मुलांसाठी स्वतंत्र आवार आहे आणि ते स्कीइंगमधील जगज्जेत्या आनी फामोझ यांच्या नावाने ओळखले जाते. सकाळ अशी मोकळी झाली, की मोठ्यांनी कठीण उतार तेव्हाच उरकून घ्यावेत.

स्की न करणाऱ्यांचा विचार बहुधा शेवटी होतो. त्यांच्यासाठी गोंडोलाने, म्हणजे तारेवरच्या बंद डब्यातून, बसल्या बसल्या पोहोचता येईल असे उपाहारगृह डोंगराच्या मध्यावर हवे, आणि ते आपल्या त्या लिफ्टच्या जवळ असेल तर दुपारच्या जेवणाला आजीसह सगळे हजर राहतात. उंचीचेही भान ठेवावे. व्हाल तोरेन्स 2,300 मीटरवर असल्यामुळे बर्फाची हमी मोठी, पण तिथे झाडे नाहीत. हिमवृष्टीत आकाश आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची झाली, की नवशिक्याला उतार कुठे सुरू होतो हेच दिसत नाही. झाडांच्या रांगा असलेला थोडा खालचा डोंगर अशा दिवशी कितीतरी दयाळू ठरतो.

शेवटी मुक्कामी परतण्याची वाट तपासावी. फ्रान्समधील व्हाल दिझेर येथे गावात उतरणाऱ्या वाटा त्यांच्या रंगाच्या मानाने कठीण म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि चार वाजता दमलेले पाय, उकरला गेलेला बर्फ व घरी निघालेली सारी गर्दी तिथे एकदमच उतरते. म्हणून खाली येणाऱ्या प्रवाशांनाही गोंडोला घेते का, आणि तिची शेवटची वेळ कोणती, हे मी नकाशावर पेन्सिलीने लिहून ठेवतो. आमच्या घरातील निष्णात मंडळी सुरुवातीला या पेन्सिलीच्या नोंदीला हसत असत. अलीकडे गोंडोलात त्यांच्यापैकीही एखादा आजीशेजारची जागा पकडून बसलेला आढळतो.