हार्ट रेट मॉनिटर: छातीचा पट्टा की मनगटावरचं घड्याळ?

नुसतं चालणं किंवा संथ सायकलिंग असेल तर मनगटावरचं घड्याळ पुरतं. इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असा आलटूनपालटून व्यायाम) करणार किंवा वजनं उचलणार असाल, तर माझं स्पष्ट मत: छातीचा पट्टाच घ्या. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो. घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडून रक्तप्रवाहातला चढउतार पाहतं. मूठ आवळली, मनगट दुमडलं की त्याची गफलत होते. धावताना तर ते कधीकधी ठोके सोडून पावलंच मोजू लागतं. दम फारसा लागलेला नाही, तरी आकडा १७०च्या आसपास चिकटून बसलाय? मग हीच शंका घ्या आणि घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून नीट आवळा.

पट्ट्याच्या आतले दोन्ही पॅड बांधण्याआधी पाण्याने ओले करा. कोरडे राहिले तर घाम येईपर्यंत आकडे वेडेवाकडे उड्या मारतात. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली हवा. दीर्घ श्वास घेता यावा, पण उडी मारल्यावर तो घसरू नये.

छातीचा पट्टा फारच काचत असेल तर दंडावर बांधायचा ऑप्टिकल, म्हणजे घड्याळासारखाच प्रकाशाने मोजणारा पट्टा बघा. तिथे हालचाल कमी, म्हणून मनगटापेक्षा आकडे बरेच स्थिर येतात.

व्यायाम झाला की सेन्सर काढून पट्टा खळबळून घ्या. सेन्सर ओल्या पट्ट्यालाच अडकलेला राहिला तर तो चालूच राहतो आणि बॅटरी उगाच उतरते.