पांढऱ्या पायाची

माझ्या जन्माच्या वर्षी वडिलांचे दुकान बुडाले आणि आजीने मला 'पांढऱ्या पायाची' ठरवले. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात माझ्यावर कधी कोणी हात उगारला नाही. जेवण, कपडे, शाळा सगळे वेळेवर मिळाले. म्हणूनच चाळिशीत व्यसनमुक्तीसाठी गेल्यावर समुपदेशक बाईंनी बालपणाविषयी विचारले, तेव्हा 'तसे काही घडले नाही' असेच मी सांगितले.

कोल्हापूरची बोली रांगडी आहे आणि इथली शिवी पुष्कळदा मायेचीच असते. पण मायेची शिवी आणि रोज जेवताना, पाहुण्यांदेखत, पोर मान खाली घालेपर्यंत ऐकवलेले शब्द, यांतला फरक त्या पोराला बरोबर कळतो.

अमेरिकेत १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून अधिक प्रौढांना बालपणातील अशा अनुभवांविषयी विचारण्यात आले. त्यात सुमारे १३ टक्के स्त्रियांनी आणि ८ टक्के पुरुषांनी भावनिक छळ सोसल्याचे सांगितले. छळ, आईला होणारी मारहाण, घरातले व्यसन अशांपैकी चार किंवा अधिक गोष्टी वाट्याला आलेल्यांत दारूच्या व्यसनाची शक्यता सुमारे सातपट असल्याचे १९९८ च्या निष्कर्षांत दिसले. अर्थात हे विधिलिखित नव्हे. तेच शब्द ऐकत वाढलेली माझी धाकटी बहीण दारूला शिवतही नाही.

मी मौजेसाठी कधीच प्यायले नाही. रडले की 'नाटके पुरे' असे ऐकत वाढलेल्या मुलीला आपल्याला नेमके काय होते आहे हे सांगताच येत नाही, आणि मन शांत करण्याची सवयही लागत नाही. मला ती शांतता पहिल्यांदा पेल्यात मिळाली. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने रक्तातील पातळी अधिक चढते, आणि व्यसन जडायला पुरुषांपेक्षा कमी वर्षे लागू शकतात, हे मला फार उशिरा समजले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १९ टक्के पुरुषांनी दारू पीत असल्याचे सांगितले, स्त्रियांनी जेमतेम १ टक्का. माझी बाटली पिठाच्या डब्यामागे असे. घरी कोणी विचारायला आले असते, तर मीही नाहीच म्हटले असते.

आजी आता नाही. आईला तो शब्द आठवतच नाही. 'तुला असे कोण म्हणायचे गं?' असे ती विचारते, आणि तिच्या चेहऱ्यावरून ते खरेच वाटते.