मागचं कुठलं सोडलंस?

"मॅडम, आमची नववीत आहे. तिला एखादी चांगली कादंबरी सुचवा ना." बावीस वर्षं मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसते आहे, आणि महिन्यातून चार-पाच वेळा तरी हा प्रश्न येतो. मे महिन्यात तर रोजच. हल्ली फोनवरही येतो. पुण्यातली नणंद विचारते, मस्कतला असलेला मावसभाऊ विचारतो, "चौदा-पंधरा वर्षांच्यांसाठी दहा कादंबऱ्यांची यादी पाठव." यादी मी पाठवत नाही. त्यांना वाटतं मला वेळ नाही. तुम्हीही तुमच्या मुलीसाठी हेच विचारलंत म्हणून आज नीट सांगते, यादी का देत नाही आणि त्याऐवजी काय करते.

मूल समोर आलं की मी त्याला एकच विचारते : "मागचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंस?"

काय आवडतं, असं विचारत नाही. त्या वयात त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "काहीही चालेल." सोडलेल्या पुस्तकाबद्दल मात्र मुलं बोलतात. आधी हळूच आईकडे बघतात, ओरडा बसणार नाही याची खात्री करून घेतात आणि मग अगदी नेमकं सांगतात. कुठल्या पानापर्यंत गेलो, कोण पात्र डोक्यात गेलं, कुठल्या वर्णनाला झोप आली. मला हवं ते सगळं त्यात असतं.

हा प्रश्न मला पुस्तकांनीच शिकवला. वाचनालयातलं कुठलंही जुनं पुस्तक मिटून आडवं धरा आणि पानांची कड बघा. जिथवर माणसांची बोटं पोचली तिथवर कड मळकी, राखाडी, किंचित तेलकट झालेली असते. लोक जिथं थांबले तिथून पुढं ती पांढरी राहते. आमच्याकडे काही जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या अशा आहेत की पहिलं बोटभर मळलेलं आणि पुढचं सगळं कोरं. पंधरा-वीस वर्षं लोक त्या नेताहेत, आणताहेत. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'ची आमची जुनी प्रत मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखी काळी आहे. दोनदा बाइंडिंग झालं, दोन्ही वेळा बाइंडरने कड कापून पांढरी करून दिली, आणि वर्षभरात ती पुन्हा तशीच झाली.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी मागे उभी राहून नोटीस बोर्डावरची मागच्या वर्षीची सूचना वाचत होती. आईला 'श्यामची आई' हवं होतं. "काहीतरी बोध होईल असं द्या, घरात उलट बोलते फार." मुलीची मान आणखी खाली गेली. मी तिला माझा प्रश्न विचारला. ती म्हणाली, 'मृत्युंजय'. सातवीत वक्तृत्वात बक्षीस मिळालं होतं, साठेक पानं वाचून ठेवून दिलं.

"का गं?"

तिने जरा विचार केला. "त्यात सगळे खूप मोठ्यानं बोलतात."

आईला संकोच वाटला, मला मात्र फार आनंद झाला. 'मृत्युंजय' मी स्वतः दहावीत असताना रात्र जागवून, रडत रडत वाचलं आहे. १९६७ साली आलेलं ते पुस्तक अजूनही बारशापासून निरोप समारंभापर्यंत भेट दिलं जातं. पण या मुलीचा कान वेगळा होता, तिला हळू बोलणारं पुस्तक हवं होतं. मी तिला प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' काढून दिलं.

त्यातला लंपन आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. बेळगावकडचा मुलूख, बोलण्याला कानडी हेल. म्हटलं तर तशा कथाच, पण 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' अशी चारही पुस्तकं ओळीने वाचली की एक मुलगा आपल्यासमोर मोठा होतो. घडतं फार थोडं. तो बघतो, ऐकतो, आणि त्याच्या पोटात जे कालवतं त्याला त्याच्याकडे शब्द नसतो, म्हणून तो सगळ्यालाच 'मॅडसारखं' म्हणतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची नेमकी हीच अडचण असते. आत खूप चाललेलं असतं, आणि कोणी विचारलं तर "काही नाही".

तिने ते पुस्तक दोनदा मुदत वाढवून पाच आठवडे ठेवलं. जुलैत शाळा सुटल्यावर दप्तरासकट एकटी आली. "पुढचं द्या," म्हणाली. "संपल्यापासून मॅडसारखं होतंय."

'श्यामची आई'बद्दल गैरसमज नको. ते पुस्तक मला जवळचं आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, तेहतीस वर्षांच्या साने गुरुजींनी पाच दिवसांत लिहिलं. आई जाऊन वर्षं लोटली होती आणि ती त्यांच्या मनातून जात नव्हती, तिथून ते आलं आहे. ते घरातल्या उलट बोलणाऱ्या मुलीवर उगारलं की तिला त्यातला श्याम दिसतच नाही, आईचा उगारलेला हात दिसतो. माझी विनंती एवढीच असते, की ते द्यायचं तर भांडण नसलेल्या दिवशी द्या, आणि देताना स्वतःला त्यातलं काय आठवतं ते सांगा.

आता 'शाळा'कडे येते, कारण त्यावरून मला सर्वांत जास्त बोलणी बसली आहेत. एक वडील पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, यात शिव्या आहेत. हे तुम्ही माझ्या पोराला दिलंत?" दिलं होतं. शिव्या आहेतच. नववीतली चार मुलं बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बसून मुलींबद्दल बोलतात, मास्तरांना नावं ठेवतात, बाहेर आणीबाणी चालू आहे आणि ती त्यांना अर्धवटच कळते आहे. मुकुंद जोशीला शिरोडकर आवडते. पुढं जे होतं त्याचा हिशेब कोणी मोठं माणूस त्याला समजावून सांगत नाही. मी ते पुस्तक देते ते त्यासाठी. आपल्या वर्गातलं, आपल्या भाषेतलं, आपल्याला कोणाला सांगता न येणारं काहीतरी छापलेलं आहे, हे पहिल्यांदा बघितल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी समोर बसून पाहिलं आहे.

त्या वडिलांशी मी वाद घातला नाही. त्यांना म्हटलं, तुमच्या कार्डावर घेऊन जा आणि वाचा. पंधरा दिवसांनी परत आणून देताना एवढंच म्हणाले, "त्यातला नरूमामा चांगला आहे." मुलगा अजून येतो. सातवीतल्या मुलाने मागितलं तर मात्र मी त्याला दोन वर्षं थांबायला सांगते. त्यातली हुरहूर त्याच्यापर्यंत पोचणार नाही, शिव्या तेवढ्या पोचतील.

माझी एक चूक सांगायलाच हवी. तिच्यामुळे माझी सुचवण्याची पद्धत बदलली.

दहावीतली एक मुलगी नियमाने यायची. तिची आई वारली. दोन महिन्यांनी ती आली तेव्हा मी तिला काही न विचारता 'रान' दिलं. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीचा जी. ए. कुलकर्णींनी केलेला अनुवाद. अमेरिकेतल्या घनदाट जंगलात राहायला गेलेलं एक कुटुंब, आई क्षयाने जाते, बाप शिकारी, त्याचा पाय घरात ठरत नाही, आणि थोरली मुलगी धाकट्या भावंडांना वाढवते. मला वाटलं, हिला आधार होईल. मी फार विचार करून दिलं होतं, तेच चुकलं. तिसऱ्या दिवशी तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, कार्ड घेतलं आणि गेली. वर्षभर आली नाही.

आली तेव्हा म्हणाली, "नारळीकरांचं काही आहे का? अवकाशातलं." मी कपाट दाखवलं. 'प्रेषित' घेऊन गेली. 'रान'चा विषय तिने काढला नाही, मीही नाही. तिला तेव्हा घरापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं होतं, आणि मी तिला पुन्हा घरातच नेऊन बसवलं होतं. प्रश्न विचारला असता तर तिने सांगितलं असतं. तेव्हापासून कोणाच्या दुःखावर पुस्तक शोधून देत नाही. 'रान' मी आजही देते, खूप प्रेमाने देते, पण आधी त्यात काय आहे ते सांगून.

मुलगे कमी येतात, आणि आले तर "वाचतच नाही हो हा" असं त्यांच्यादेखत सांगितलं जातं. या वाक्याने माझं काम दुप्पट होतं. अशा मुलाला मी बारीक पुस्तक देते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची, पण दीडशे पानांच्या आतली. स्वतःच जेमतेम मिसरूड फुटलेला मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, आणि शाळेत पोरंच नसतात. प्राण्यांचे व्हिडिओ बघणाऱ्या मुलाला माडगूळकरांचंच 'सत्तांतर' देते, वानरांच्या टोळ्यांमधली सत्तेची लढाई, कुठंही गोड केलेली नाही. एकाने तेही परत आणलं, पंचवीस पानांवर बसचं तिकीट ठेवलेलं होतं. म्हणाला, "वर्णन फार." मग स्वतःच कपाटापाशी जाऊन नारायण धारपांची एक भयकादंबरी घेऊन आला. घरी त्यावरून कटकट झाली म्हणे. मी त्याला आणखी सहा धारप दिले. सहा कादंबऱ्या शेवटपर्यंत वाचणाऱ्या मुलाला "वाचत नाही" म्हणता येत नाही, हे मी त्याच्या आजीला त्याच्यासमोर सांगितलं.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, इंग्रजीत या वयासाठी एवढं आहे, मराठीत का नाही? खरंच कमी आहे, आणि ते आमच्या कपाटांवरून दिसतं. बालविभागात फास्टर फेणे ट्टॉक करत सायकलवरून धावतो, भा. रा. भागवतांनी त्याला फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आणला तेव्हापासून मुलांना तो पुरून उरला आहे. पण त्या कपाटातून बाहेर पडलेलं मूल थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांच्या भिंतीसमोर उभं राहतं. मधलं कपाट नाही. 'कुमार वाङ्मय' हा शब्द आपल्याकडे जुना आहे, पण त्या शब्दाखाली बरीच पुस्तकं मुलांना काहीतरी शिकवायला लिहिलेली आहेत. अमेरिकेत एस. ई. हिंटन या मुलीने 'द आउटसायडर्स' शाळेत असतानाच लिहायला घेतली, १९६७ मध्ये ती छापून आली तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची होती. आपल्या आजूबाजूच्या मुलांबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून तिने लिहिलं. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या वहीत असं काही असेल, ही आशा मी सोडलेली नाही. इंग्रजी वाचणाऱ्यांना मी अडवत नाही. हॅरी पॉटर मराठीतही आहे, पण ज्याला ते इंग्रजीत झेपतं त्याने इंग्रजीत वाचावं.

हे मधलं कपाट मी आता तयार करते आहे. खिडकीजवळची एक मांडणी रिकामी केली आणि कादंबरी, आत्मकथन, कथा, अनुवाद असे भेद न करता तिथं पुस्तकं लावली. 'वनवास'शेजारी 'तोत्तोचान' आहे, ज्यात रेल्वेच्या जुन्या डब्यांत शाळा भरते आणि मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी एका मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेतात. त्याच्या शेजारी दया पवारांचं 'बलुतं'. ते अकरावीतली मुलं नेतात, आणि परत देताना बराच वेळ उभी राहतात.

ग्रंथालयशास्त्र शिकताना आम्हाला त्या शास्त्राचा भारतात पाया घालणाऱ्या डॉ. रंगनाथन यांचे पाच सिद्धांत पाठ होते, १९३१ च्या पुस्तकातले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे मी रोज पाळते. वाचकाचा वेळ वाचवा, हा चौथा सिद्धांत या वयाच्या मुलांच्या बाबतीत मात्र मी मुद्दाम मोडते. त्यांना पुस्तक पटकन हातात देत नाही. तीन काढून देते, प्रत्येकाचं पहिलं पान तिथंच उभ्याने वाचायला लावते, आणि दोन परत ठेवायला सांगते. कधी अर्धा तास जातो. कोणी तिन्ही परत ठेवतं. चालतं.

तेव्हा तुमच्या मुलीसाठी मी आज नाव सांगत नाही. तिला शनिवारी चारनंतर पाठवा, त्या वेळी गर्दी नसते. बरोबर आलात तर तुम्ही खाली वर्तमानपत्रांच्या दालनात बसा. कार्ड तिच्या नावाचं काढा, अनामत तिच्या हाताने भरू द्या. आणि ती घरी काय घेऊन आली ते बघून "हे कशाला आणलंस" एवढं म्हणू नका. ते पुस्तक तिला आवडलं नाही तर आठ दिवसांत परत येईल, कुठल्या पानावर सोडलं ते ती मला सांगेल, आणि मग मला तिच्यासाठी दुसरं शोधता येईल.