योडेनसाव्हाने: कासिपोरा ठरल्याशिवाय गाडीत बसू नका

योडेनसाव्हाने ही दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममधली सतराव्या शतकातील ज्यू वस्ती. सुरिनामची राजधानी पारामारिबो येथे गाडी ठरवताना ‘दोन्ही ज्यू दफनभूमी दाखवू’ असे सांगून आमच्याकडून सगळे पैसे आगाऊ घेतले गेले आणि योडेनसाव्हानेला उतरताच दुसरी दफनभूमी असलेल्या कासिपोरा खाडीपर्यंत नेण्यासाठी त्याच रकमेच्या निम्मे आणखी मागण्यात आले. दुसरे वाहन नसल्याने आम्ही ते दिले. ही सरळ अडवणूक होती. कासिपोराचे नाव आणि एकूण रक्कम कागदावर लिहून घ्यावी व निम्मे पैसे परतल्यावरच द्यावेत.

पारामारिबोपासूनचे सुमारे 50 किलोमीटर हे अंतर ऐकून फसू नये. वाटेवरच्या रेदी दोती या आदिवासी गावाच्या नावाचा अर्थच ‘लाल माती’ असा आहे आणि ती माती ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांतही आमच्या नाकातोंडात गेली. मे ते जुलैच्या पावसात तर इकडे येऊच नये.

1685 साली उभारलेल्या ‘बेराखा वे शालोम’ या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, विटांचे अवशेष अर्ध्या तासात पाहून होतात. उसाच्या मळ्यांची भरभराट ओसरल्यावर वस्ती पारामारिबोकडे सरकली आणि 1832 च्या आगीने उरलेले गाव संपवले. मात्र हे मळे ज्यांच्या श्रमांवर चालले, त्या गुलाम आफ्रिकनांच्या वंशजांची दफनभूमीही जवळच आहे. चालक ती टाळू पाहतात. ती न पाहणाऱ्याने योडेनसाव्हाने पाहिले असे म्हणू नये.

खरा कस कासिपोराच्या पायवाटेवर लागतो. चिखल, उघडी मुळे, डास आणि घाम यांनी आम्ही इतके थकलो होतो की परत फिरण्याचा विचार दोनदा मनात आला. माणशी तीन लिटर पाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. पण झाडीत थडग्याची पहिली शिळा दिसली आणि सारा शीण उतरला. इथल्या सर्वांत जुन्या शिळा 1666 च्या आहेत, म्हणजे इंग्रज अंमलाने इथल्या ज्यूंना 1665 मध्ये धर्मस्वातंत्र्य दिले त्याच्या दुसऱ्याच वर्षीच्या. पोर्तुगालमधील ज्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या कॅथलिक धर्मन्यायालयाच्या, छळामुळे यांचे पूर्वज देशोधडीला लागले, त्याच्याच गोव्यातील शाखेने 1580 मध्ये गार्सिया द ओर्ता या ज्यू वंशाच्या पोर्तुगीज वैद्याच्या अस्थी उकरून जाळल्या होत्या, हे तिथे उभे असताना सतत आठवत होते.



2023 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात या स्थळाचा समावेश झाला, तरी त्या दिवशी आम्हाला तिथे पिण्याचे पाणी मिळाले नाही. पहाटे निघावे आणि विजेरी न्यावी. शिळांवर खडू घासू नये, शेवाळ खरवडू नये. विजेरी शिळेच्या कडेला तिरपी धरली की झिजलेली अक्षरे उठून दिसतात. आम्हाला अशा प्रकाशात प्रथम लागला तो पोर्तुगीज शब्द ‘सेपुल्तुरा’, म्हणजे थडगे, आणि त्याच्यावरच्या हिब्रू ओळी मात्र हळूहळू उमटत गेल्या.