तळघरातला लॉबस्टर आणि टीव्हीवरच्या मुंग्या

इंग्रजी गोष्टी वाचताना अवघड शब्दांचं एवढं काही वाटत नाही, मोबाईलवर बोट दाबून धरलं की अर्थ येतो. खरी गोची कधी होते तर सगळे शब्द ओळखीचे असतात आणि तरी डोळ्यासमोर काही म्हणजे काही येत नाही तेव्हा.

डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' घ्या, १८४३ सालचं. त्यातला कंजूष म्हातारा स्क्रूज रात्री घरी येतो, दार ठोठवायच्या कड्याकडे बघतो तर तिथे सात वर्षांपूर्वी मेलेल्या पार्टनरचा, मार्लेचा चेहरा, आणि त्याच्याभोवती उजेड कसा, तर अंधाऱ्या तळघरात खराब झालेल्या लॉबस्टरसारखा. लॉबस्टर म्हणजे शेवंड, तळघरही माहितीये, पण नासलेल्या शेवंडाचा उजेड?? आपल्याला आधी वासच आठवणार ना.

तर तो उजेड खरंच पडतो. समुद्रातली मासळी नासायला लागली की कधी कधी तिच्यावर असे बॅक्टेरिया वाढतात जे अंधारात निळसर हिरवट चमकतात, आणि तेव्हा घरोघरी कुठे फ्रीज होते, त्यामुळे हे बघितलेले लोक असणारच. एवढं कळलं आणि मग तो चेहरा असला दिसायला लागला की बास! कुजण्यातून आलेला उजेड, भुताला अगदी शोभेलसा, आणि वर थोडं हसूही येतं, कारण काही झालं तरी लॉबस्टरच तो.

विल्यम गिब्सनची 'न्यूरोमॅन्सर' ही विज्ञान कादंबरी १९८४ची. पहिल्याच वाक्यात बंदरावरचं आभाळ बंद चॅनलवर लावलेल्या टीव्हीच्या रंगाचं आहे. हे मात्र दूरदर्शनवाल्या पिढीला सांगावं लागत नाही, एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय आणि खालून दुसरा ओरडतोय, "मुंग्या आल्या, मुंग्या! मागे घे जरा!" लगेच ते करडं, खरखरणारं आभाळ दिसतं. पण माझ्या भाचीकडे सिग्नल गेला की पडदा स्वच्छ निळा होतो, म्हणजे तिला त्याच वाक्यात मस्त ऊन पडलेलं दिसणार, आणि तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी भारी आहे हं.

अर्थात प्रत्येक वेळी अशी शोधाशोध कामाला येतेच असं नाही. डग्लस अॅडम्सच्या १९७९च्या कादंबरीत परग्रहावरची यानं आकाशात लटकलेली असतात, कशी, तर विटा जशा लटकत नाहीत तशी. आता यात काय सर्च करणार, वीट तिकडेही पडते आणि इकडेही, वाचून हसू आलं तर आलं.