बोडेनझेच्या काठाने: नितळ पाणी, रिकामी जाळी

कॉन्स्टान्झहून मेअर्सबुर्गला जाणारी फेरी पंधरा मिनिटांत पलीकडे नेते. कठड्याला टेकून खाली पाहिलं की पाण्याची नितळाई लगेच जाणवते. इथल्या मच्छीमारांचं दुखणंही तेच. बोडेनझे हा तलाव जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तिघांचा. त्यातला फेल्शेन म्हणजे चंदेरी, कमी काट्यांचा मासा, काठावरच्या हॉटेलांची वर्षानुवर्षांची ओळख. 2022 मध्ये तो सगळा मिळून जेमतेम 21 टन सापडला, एकेकाळी वर्षाला शेकडो टन मिळायचा. 1 जानेवारी 2024 पासून ओबरझे या मोठ्या भागात त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

कारण पाण्यातच आहे. सांडपाण्यामुळे 1979 च्या सुमारास फॉस्फरस लिटरला 80 मायक्रोग्रॅमच्या वर गेला होता; शुद्धीकरण प्रकल्पांनी तो दहाच्या खाली आणला. फॉस्फरसचं हे खत तुटलं तसं प्लवकही, म्हणजे पाण्यात तरंगणारे, माशांचं खाद्य असलेले सूक्ष्म जीव, घटलं. उपाशी मासा हळू वाढतो, जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकात, अडकण्याइतका व्हायला त्याला जास्त वर्षं लागतात. त्यात 2012 नंतर स्टिकलबॅक नावाचा बोटभर काटेरी मासा काठापासून दूर, खुल्या पाण्यात पसरला. तो फेल्शेनची अंडी आणि पिल्लं खातो. 2016 मध्ये क्वाग्गा शिंपला सापडला. उरलंसुरलं प्लवक तो गाळून घेतो. मासे खाणारे पाणकावळे आहेतच. पण सगळं खापर त्यांच्यावर फोडणं मला पटत नाही.

काठावरच्या झिपलिंगेनला मात्र थांबाच. इथे साठ मीटर खोलीवरून पिण्याचं पाणी उचललं जातं आणि लाखो घरांत पोचतं. मच्छीमार म्हणत होते, फॉस्फरस थोडा वाढू द्या. सरकारने नकार दिला, आणि हे पाहिल्यावर त्याचं कारण वेगळं विचारावं लागत नाही.

तोडगा उबवणुकीचा. डिसेंबरात मादीची अंडी पिळून काढून नराच्या वीर्यात मिसळतात आणि बुडाकडून पाणी चढणाऱ्या उंच काचबरण्यांत ठेवतात. मेलेली अंडी पांढरी पडतात, हलकी होऊन वर येतात. ती नळीने ओढून काढली नाहीत तर बुरशी सगळ्या बरणीभर पसरते. पाणी गार ठेवतात, म्हणजे पिल्लं प्लवक वाढण्याच्या वेळीच बाहेर पडतात.

युरोपभर हेच चित्र आहे, असं मात्र समजू नका. जिनिव्हाच्या तलावात फॉस्फरस घटल्यावर याच कुळातल्या मासोळीचं उत्पन्न या शतकाच्या सुरुवातीला उलट वाढलं. तिथली मूळ जात मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच संपली; आजची बाहेरून सोडलेली. फिनलंडच्या किनाऱ्यावर सील जाळीच फाडून मासे पळवतात. म्हणून नुसते टन पाहून निष्कर्ष काढू नये. जाळी किती, मच्छीमार किती उरले, हेही पाहायला हवं.

हॉटेलात फेल्शेन मागवलात तर कुठला, हे आधी विचारा. बंदीच्या काळातही पाटीवर नाव दिसतं; तो बहुधा दुसऱ्या तलावातला किंवा मत्स्यशेतीतला असतो. लोण्यात तळलेला, तरी छानच लागतो.