क्रेमोना: व्हायोलिनचे शहर आणि त्याभोवतीचे गोठे

नोव्हेंबरमधील त्या सकाळी मिलानहून निघालेली आमची रेल्वे पो नदीच्या सपाट खोऱ्यातून जात असताना बाहेर दाट धुके होते. त्यातून मक्याची कापणी झालेली शेते आणि गुरांचे लांबलचक गोठे तेवढे मधूनच दिसत. मी व्हायोलिनसाठी निघालो होतो, त्यामुळे गोठ्यांकडे फारसे लक्ष दिले नाही.

क्रेमोना ही उत्तर इटलीतील, रोमनांनी इ.स.पूर्व २१८ मध्ये वसवलेली वसाहत. इ.स. ६९ च्या यादवीत, पुढे रोमचा सम्राट झालेल्या व्हेस्पेशियनच्या सैन्याने ती लुटून जाळली, आणि पुढे ती पुन्हा उभी राहिली. आज मुख्य चौकात पाऊल टाकताच मान वर करावी लागते, ती तोर्रात्सो या सुमारे ११२ मीटर उंचीच्या विटांच्या घंटाघरासाठी. पाचशेहून अधिक पायऱ्या चढून मी वर पोहोचलो आणि धुके पाहून खाली उतरलो.

सोळाव्या शतकात आंद्रेआ आमातीने व्हायोलिनला आज आपण ओळखतो ते रूप दिले, आणि पुढच्या दोन शतकांत त्याचे वंशज, ग्वार्नेरी घराणे व आन्तोनियो स्त्रादिवारी यांनी या गावाचे नाव युरोपभर नेले. मात्र ही परंपरा अखंड चालत आलेली आहे, हा माझा समज येथे येऊन गळून पडला. १७३७ मध्ये स्त्रादिवारी वारल्यानंतर काही दशकांतच ही कला येथे जवळजवळ विझली. ज्या सान दोमेनिको चर्चमध्ये त्याला पुरले होते, ते १८६९ मध्ये पाडण्यात आले. आता तेथे बाग आहे आणि मुले पायाने चेंडू उडवत असतात. पुनरुज्जीवन झाले ते फॅसिस्ट राजवटीत, १९३७ च्या द्विशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने, आणि १९३८ मध्ये व्हायोलिननिर्मितीची शाळा सुरू झाली. आज गल्लीबोळांत शंभराहून अधिक कार्यशाळा आहेत, आणि त्यांत परदेशांतून शिकायला येऊन येथेच राहिलेले कारागीर पुष्कळ आहेत. २०१२ मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

एका कार्यशाळेत मी तासभर बसलो. वाद्याच्या पुढच्या पाटासाठी आल्प्समधील स्प्रूसचे लाकूड, मागच्या पाटासाठी मेपलचे. कारागीर रंध्याने पातळ साल काढी, पाट बोटाने वाजवून पाही आणि पुन्हा रंध्याकडे वळे. २०१३ मध्ये उघडलेल्या व्हायोलिन संग्रहालयातील जुनी वाद्ये नियमितपणे वाजवली जातात. २०१९ च्या आरंभी त्यांचे ध्वनिमुद्रण चालू असताना भोवतालच्या रस्त्यांवरील वाहतूक काही आठवडे रोखून धरण्यात आली होती. अशी शांतता पाळणारे शहर मला तरी दुसरे माहीत नाही.

दुपारी तोर्रोने ही बदाम व मधाची मिठाई खाल्ली. तिचा जन्म १४४१ मध्ये, पुढे मिलानचा ड्यूक झालेला फ्रान्चेस्को स्फोर्झा आणि बियांका मारिया व्हिस्कोंती यांच्या लग्नात झाल्याचे येथे सांगतात. ही दंतकथाच असावी, परंतु मिठाई अस्सल आहे.

परतताना फलाटावर पंजाबी कानी पडली. या जिल्ह्याचा मोठा आधार दूध आणि ग्राना पादानोसारखे चीज यांचा आहे, आणि गोठ्यांतील कामाचा मोठा भार पंजाबातून आलेल्या कामगारांवर आहे. जवळच्या पेस्सिना क्रेमोनेसे गावात २०११ पासून मोठे गुरुद्वारा आहे. फलाटावरच्या त्या पंजाबी बोलणाऱ्यांशी मी हिंदीत बोलू लागलो. मी व्हायोलिन पाहायला आलो होतो, हे ऐकून त्यांतला एक हसला. पहाटेची आणि दुपारची अशा दोन धारांच्या मध्ये झोप काढावी लागते, सात वर्षांत संग्रहालयाचे दार पाहिलेले नाही, असे तो म्हणाला आणि तिकिटाला किती पडतात ते विचारू लागला.